गादी अजून चांगली आहे

१६ जून १९८५, रविवार, सकाळी ७
आजपासून नोंद ठेवणार. पुढे कोणी म्हणायला नको की माणसानं विचार न करता निर्णय घेतला.

विषय: गादी. शामला म्हणते, बदला. मी म्हणतो, चांगली आहे. लग्नात सासऱ्यांनी दिलेली, मे १९६६ ची, त्यांच्याच वावरातल्या कापसाची. वय अवघं एकोणीस. मधे किंचित खोलगट भाग आहे, त्याला शामला खड्डा म्हणते. आम्ही दोघं दोन काठांना झोपतो अन् सकाळी दोघंही मधोमध सापडतो. ती म्हणते तुम्ही घसरता. मी म्हणतो तू घसरतेस. एवढ्या कारणासाठी कोणी गादी फेकते काय?

शिवाय मी हिंगण्याला कंपनीत स्टोअर कीपर आहे, अठरा वर्षं. कोणती वस्तू ठेवायची अन् कोणती कंडेम करायची, हे ठरवण्याचाच मला पगार भेटतो. मशीनचा पट्टा नुसता पाहून सांगतो, अजून तीन महिने. आणि घरात मला गादीचं शिकवतात.

कंबर: दुखते. कारण: हवा पालटली.

१७ जून, सोमवार
कंबर: दुखते. कारण: कंपनीच्या बसची मागची सीट.

शामलाने पिंजाऱ्याची आठवण काढली. मागच्या उन्हाळ्यात त्याच्याकडून गादी पुन्हा पिंजून घेतली होती, पाचव्यांदा. तेव्हा तो म्हणाला होता, साहेब, यात आता कापूस राहिला नाही, धूळ पिंजून राहिलो मी. धंद्याची माणसं असंच बोलतात. धूळ असती तर उडून गेली नसती काय?

१९ जून, बुधवार
खरं कारण इथेच लिहितो. गुप्त.

१८ जुलैला धोंड्याचा महिना लागतो. तीन वर्षांतून एकदा येतो, जावयाचा महिना. सासरी जेवण, अनारसे, अन् जावयाला वाण. आता महिनाभर आधी मी आपल्या पैशाने गादी घेतली, तर सासरे काय देतील? स्टीलचा डबा. मागच्या वेळी तोच दिला. त्यात शामला रवा ठेवते.

प्रश्न पैशाचा नाही. पैसे आहेत. प्रश्न मानाचा आहे. पहिली गादी त्यांनी दिली, दुसरीही त्यांच्याच हातून यावी, यात एक रीत आहे. अर्थात मी मागणार नाही. मागणारा माणूसच नाही मी. फक्त सुचवणार.

शामलाला सांगायचं नाही. ती सरळ बापाला सांगून टाकेल अन् सगळी मजा घालवेल.

२३ जून, रविवार
नरखेडच्या पत्त्यावर सासऱ्यांना इनलँड लिहिलं. चार वेळा कच्चं केलं. महत्त्वाचं वाक्य असं: आपण लग्नात दिलेली गादी आम्ही अजूनही वापरतो.

अजूनही या शब्दाखाली रेघ मारली. मग वाटलं फार उघड झालं, म्हणून बाकीच्या पत्रातही दोन-तीन शब्दांखाली रेघा मारल्या. पाऊस. संत्रा. तब्येत. आता कोणाला संशय येणार नाही.

३० जून, रविवार
सासऱ्यांचं उत्तर आलं. रुपराव पाटलांचं अक्षर म्हणजे नांगरटच, पण मजकूर स्पष्ट. गादी अजून टिकली हे वाचून आनंद झाला. आपल्या विहिरीजवळच्या वावरातला कापूसच तसा होता. तुमच्या सासूबाईला पत्र वाचून दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाऊस, संत्रा आणि तब्येत ठीक.

म्हणजे समजलं. पाटील माणूस आहे, लगेच हो म्हणणार नाही. आतून तयारी चालू असेल. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी उगाच येत नाही.

२ जुलै, मंगळवार
शामलाची कंबर धरली. उठता येईना. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या अन् विचारलं, घरी गादी कशी आहे? मी म्हटलं, उत्तम. शामलाने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, उत्तम गादी बदलून टाका. डॉक्टरांना सध्या कामं कमी असावीत.

रस्त्यात शामला म्हणाली, आज पगार झाला आहे, इतवारीत जाऊन गादी घेऊन टाकू. मी म्हटलं, थोडं थांब. म्हणाली, काहून थांबू? कारण सांगता येत नव्हतं. म्हटलं, पावसाळ्यात कापूस दमट राहतो. हे मला त्याच क्षणी सुचलं आणि खरंही आहे. दबावाखाली माझं डोकं चांगलं चालतं.

४ जुलै, गुरुवार
शामला कालपासून पलंग सोडून खाली सतरंजीवर झोपते. वर गरम होतं म्हणते. बाहेर दोन दिवसांपासून पावसाची झड लागली आहे, पण बायकांना गरम होतंच.

गादीवर आता भरपूर जागा. आरामात झोपलो.

कंबर: दुखते. कारण: जास्त जागेची सवय नाही.

७ जुलै, रविवार
दुसरं पत्र. या वेळी साडूचा उपयोग केला. शामलाच्या धाकट्या बहिणीचा, सुमतीचा नवरा गणपतराव, कळमेश्वरला असतो. लिहिलं: गणपतरावांनी फोमची गादी घेतल्याचं ऐकलं. आम्ही आपले जुन्या वळणाचे लोक, कापसाचेच.

यात तीन गोष्टी आल्या. एक, गादी हा विषय. दोन, कापसाची हवी, फोमची नको. तीन, मी साधा माणूस. याहून जास्त मोजमाप दिलं असतं तर ते बरं दिसलं नसतं.

१३ जुलै, शनिवार
देव आहे! सासरे स्वतः आले. संत्र्याच्या बगीच्यावरची मोटर जळली, ती इथल्या दुकानात वाइंडिंग भरायला टाकली आहे, उद्या भेटणार. आज मुक्काम इथे.

एवढी पत्रं लिहिण्यापेक्षा गादी प्रत्यक्ष दाखवणं कधीही चांगलं. पाटलांना गादीवर झोपवतो. नीट मधोमध. सकाळी त्यांची कंबरच सगळं बोलेल. शामला म्हणाली, बाबाले तिथे नका झोपवू, सत्तर वर्षांचं माणूस आहे. मी म्हटलं, पाहुण्याचा मान असतो.

१४ जुलै, रविवार
अवघड झालं. पण सांभाळून घेतलं.

साडेसात वाजेपर्यंत सासरे उठलेच नाहीत. घोरण्याचा आवाज शेजाऱ्यांकडे गेला. उठले ते खुशीत. म्हणाले, जवाईबापू, अशी झोप मले दहा वर्षांत लागली नाही. मग गादीवरून हात फिरवत बसले. म्हणाले, हा कापूस शामलाच्या मायनं, प्रयागबाईनं, सोता वेचला होता, शामलाच्या लग्नाचा म्हणून बाजूले काढला होता, एक बोंड विकू दिलं नाही. लोकं आता लग्नातली वस्तू दोन वर्षं ठेवत नाहीत. तुम्ही जपली.

समोर म्हातारा माणूस डोळे पुसून राहिला. अशा वेळी आपण काय बोलतो याचं भान राहत नाही. मी म्हटलं, बाबा, जीव आहे तोवर ही गादी बदलणार नाही. आवाजही छान लागला होता.

शामला चहा घेऊन दारातच उभी होती. चहा ठेवला अन् आत गेली. स्टँडवर बापाला पोचवायला मात्र एकटीच गेली.

विचार करता वाटतं, जे झालं ते बरंच झालं. आता पाटलांना माझी योग्यता कळली. अशा जावयाला स्टीलचा डबा देता येणार नाही.

१८ जुलै, गुरुवार
अधिक महिना लागला. पोस्टमन आला, शेजारच्यांकडे गेला.

कंबर: दुखते. कारण: पोस्ट खातं.

२४ जुलै, बुधवार
बोलावणं आलं. ४ ऑगस्ट, रविवार. दोन्ही जावई, लेकी. खाली सासऱ्यांनी वेगळी ओळ लिहिली आहे: येताना हात मोकळे ठेवून या, सामान आहे.

सामान आहे! डब्याला कोणी सामान म्हणत नाही.

३ ऑगस्ट, शनिवार
कंपनीजवळच्या दुकानातून जाड सुतळी घेतली, वीस हात. एसटीच्या टपावर गादी नीट बांधली नाही तर काटोलच्या पुढे उडून जाईल. शामलाने विचारलं, सुतळी काहून? म्हटलं, असावी जवळ. ती हसली. एक महिन्यात पहिल्यांदा हसली. तिला थोडी कुणकुण लागली असावी.

जुनी गादी सोमवारी कंडेम करायची. मनातल्या मनात स्लिप भरूनही ठेवली. वस्तू: गादी, डबल. शेरा: मालकाला खूप सेवा दिली.

४ ऑगस्ट, रविवार, रात्री, घरी परत
जेवण उत्तम. पुरणाचे धोंडे, तूप, तेहतीस अनारसे. ओसरीतून आत पाहिलं तर कोपऱ्यात गुंडाळी! नवी खोळ, पट्ट्यापट्ट्यांची, वरून चादर टाकलेली. जेवताना माझं लक्ष तिकडेच. सासूबाईंनी चार वेळा वाढलं, मी चारही वेळा हो म्हटलं.

मग पाटावर बसवलं. गणपतरावांना भिंतीवरचं घड्याळ. मग सासरे उभे राहिले. पंचवीस-तीस माणसांसमोर माझी गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षं. पिंजून पिंजून जपली. जीव आहे तोवर बदलणार नाही म्हणतात. असा जवाई मले भेटला. लोक मान हलवत होते. एका मावशीने तर मला नमस्कार केला. खरं सांगतो, छाती भरून आली होती.

मग माझं वाण दिलं. खोळ. रिकामी. जुन्या गादीवर चढवायला, सासूबाईंनी स्वतः शिवलेली, डबल मापाची.

मी कोपऱ्यातल्या गुंडाळीकडे पाहिलं. सासरे म्हणाले, ते शामलाचं आहे. स्टँडवर म्हणाली मले, बाबा, कंबर गेली माझी, मले एकटीपुरती गादी भरून द्या. घ्या, जवाईबापू, सुतळी आणली म्हणे तुम्ही.

टपावर मीच चढून बांधली. वीस हात पुरली. स्टँडवरून रिक्षाच्या मागे धरून आणली. वरून पाऊस, म्हणून माझी छत्री गादीवर धरली.

५ ऑगस्ट, सोमवार
शामला सकाळी सहालाच उठली. गात होती.

गादी तीन फूट रुंद. खोलीच्या त्या बाजूला, खाली जमिनीवर. मी नवी खोळ जुन्या गादीवर चढवली. गादी बाहेरून एकदम नवी दिसते.

कंबर: दुखते. कारण: सुतळी ओढली म्हणून.

७ ऑगस्ट, बुधवार
शामलाची नवी गादी खालून नीट पाहिली. शामला भाजी आणायला गेली होती, तेव्हा दोन मिनिटं आडवा झालो. ठीक आहे. विशेष काही नाही.

आली तेव्हा तिने विचारलं, अर्धा तास झाला, कंपनीची बस गेली ना हो?

११ ऑगस्ट, रविवार
आज शामलाला सरळ विचारलं, बापाला सांगायचंच होतं तर डबल का नाही मागितली?

ती भाजी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, बाबा डबलच भरून देतो म्हणत होते. कापूसही काढून ठेवला होता. मीच नको म्हटलं. तुम्ही शब्द दिला होता ना, जीव आहे तोवर. म्हाताऱ्या माणसासमोर तुमचा शब्द काहून खाली पाडू? मग म्हणाली, मले एकदा सांगितलं असतं ना, की धोंड्यात गादी पाहिजे, तर जूनमध्येच चिठ्ठी टाकली असती. दोन ओळींची.

मी कच्ची धरून सात पानं लिहिली होती.

१४ ऑगस्ट, बुधवार
कंबर: दुखते. कारण लिहायचा कंटाळा आला.

एक गोष्ट लक्षात आली. खड्डा माझ्या एकट्याने भरत नाही. मी काठाला झोपतो, मधे घसरतो, अन् तिकडून कोणी येत नाही. एकोणीस वर्षं मी म्हणत होतो की ती घसरते. बरं वाटत नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार, सुट्टी
ठरवलं. जुनी गादी गुंडाळून माळ्यावर. कंडेम नाही, फक्त विश्रांती. शब्द कायम आहे. शामलाच्या गादीशेजारी सतरंजी अंथरली, अगदी चिकटून.

शामला म्हणाली, काय झालं? म्हटलं, वर गरम होतं.

तिने खिडकीकडे पाहिलं. बाहेर पाऊस कोसळत होता. मग म्हणाली, गरम होते तर झोपा खालीच. पण गादीले पाय लावू नका, नवी आहे.