लोकल चॅनल अन् माझा अँटेना

१२ जानेवारी, सोमवार
आज केबलवाल्या देवानंदची वायर माझ्या हातानं कापली. पकडीनं, एका झटक्यात. टीव्ही चालत नाही म्हणून सांगाले गेलो, तं पानठेल्यावर चार लोकायसमोर मले म्हणे, काका, आधी रिमोटचे सेल बदला. मी का अडाणी हाय? (संध्याकाळी सेल बदलले अन् रिमोट चालला. तो भाग वेगळा.) ठराव: या घरात देवानंदची वायर पुन्हा येणार नाही.

१४ जानेवारी
अमरावतीहून डिश आणली. दुकानदार म्हणे, फिटिंगले माणूस पाठवतो. नको म्हटलं. चार नट अन् एक वायर. एवढ्याले माणूस लागते?

१६ जानेवारी
बायकोचं नवीनच. कृषी प्रदर्शनात तिच्या वांग्याले पहिला नंबर भेटला, अन् लोकल चॅनलवाल्यानं मुलाखत घेतली म्हणे. पंचवीसले, रविवारी सकाळी अकराले दाखवणार. वांग्याची मुलाखत! या चॅनलवाल्यायले कामं नाहीत.
शकुननं एवढंच विचारलं, आपल्या टीव्हीवर दिसन ना? नाही तं मी देवानंदच्या घरी जाऊन पाहीन. माझ्या घरची बाई त्या देवानंदच्या दारात बसणार? दिसन म्हणजे दिसन, म्हटलं. छातीठोक.

१९ जानेवारी
डिशच्या आड शेवगा येत होता. तोडला. शकुन त्याच्या शेंगा विकते, म्हणून दिवसभर बोलली नाही. झाड काय, पुन्हा येते.
चित्र आलं! तमिळ, भोजपुरी, अन् एक बाई दिवसभर कढया विकून राहिली. लोकल नाही. डिशवर साऱ्या देशाचं येते, अमरावतीचं काहून येईन? त्याले अँटेना लागते. पण हे समजाले डोकं पाह्यजे.

२१ जानेवारी
अकोल्याले गेलो, पोरीकडं, प्राजक्ताकडं. जठारपेठेतून इनडोअर अँटेना घेतला. तिचे सासरे, म्हणजे आमचे इवाई महादेवराव म्हणे, उत्तमराव, लोकल चॅनल केबलवाल्याच्या वायरीतूनच येते, हवेतून नाही. इवाई जन्मभर ऑफिसात खुर्चीवर बसले, त्यायले हवेतलं काय समजणार? मुद्दाम रविवारी जेवाले बोलावलं. येऊन पाहा म्हटलं.

२३ जानेवारी
अँटेना टीव्हीवर ठेवला, कूलरवर ठेवला, देवघरात गणपतीच्या मागं ठेवला. तोंड अमरावतीकडं. चॅनल सर्च: शून्य. आज आभाळ हाय.
शकुननं नवी साडी इस्त्रीले दिली. स्वतःलेच पाहाले नवी साडी! काय म्हणावं.

२५ जानेवारी, सकाळी ९
प्राजक्ता अन् इवाई आले. शेजारच्या चार बायाही येऊन बसल्या. प्लॅन पक्का: अकराले पाच कमी असताना सर्च, अन् अँटेना माझ्या हातात. माणसाचं अंग सिग्नल ओढते.

११.०५
शून्य. एका हातानं लिहून राहिलो. शकुन उठली. चपला घातल्या अन् निघाली. सारे तिच्या मागं देवानंदकडं. इवाईबी. मी नाही गेलो. इज्जत हाय मले.

दुपारी २
आले सारे. मोबाईलवर घ्यायचं एकाच्याही ध्यानात नाही. शिकलेली माणसं!
प्राजक्तानं सांगितलं. चॅनलवाल्यानं विचारलं, हे सारं तुमाले शिकवलं कोणी? तं शकुन म्हणे, आमच्या मालकायनं. अन् नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. लग्नाले तीस वर्षं झाली, उखाण्याशिवाय या बाईनं माझं नाव घेतलं नाही. आमच्या साऱ्या वलगावनं ऐकलं. मी सोडून.
वांग्यावर ती कोणती फवारणी मारते, मले माहीत नाही. वावरात कधी गेलो तेही आठवत नाही.
प्राजक्ताले तीनदा सांगाले लावलं. नाव घेताना लाजली का, विचारलं. चौथ्यांदा विचारलं तं शकुन सैपाकघरातून म्हणे, पुरे करा आता. साऱ्या लोकायसमोर मंग काय खरं सांगत होती मी?