वारा तोंडावर घेऊन

बाबा,

परवा मी शार्क पाहिले. चित्रात नाही, स्वतःच्या डोळ्यांनी, माझ्याच पायाखालच्या पाण्यात. तुम्ही तर समुद्रसुद्धा पाहिला नाहीत. रेल्वेत नोकरी, घरात पास, आणि तो वापरला कशाला, तर बडनेऱ्याहून अकोल्याला, आईच्या माहेरी जायला. म्हणून आधी सगळं नीट सांगते, नाहीतर म्हणाल, ही पोट्टी काय बोलून राहिली.

मी आता चेन्नईत नोकरी करते. वारा जोर धरतो त्या दिवसांत सुट्टी काढून तामिळनाडूच्या पार खालच्या टोकाला जाते आणि तिथे एक खेळ खेळते. आपल्या क्वार्टरच्या खोलीएवढा पतंग असतो. त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पायाला फळी बांधायची, आणि वारा आपल्याला पाण्यावरून ओढत नेतो. काइटसर्फिंग म्हणतात त्याला. आईला मी नुसतं 'पतंग उडवते' एवढंच सांगितलंय. तिचं म्हणणं, "या वयात? तिकडं काय बारा महिने संक्रांत असते का वं?" तिला समुद्राचं काही सांगितलेलं नाही, शार्कचं तर नाहीच. पाण्यात मी रबरी जोडे घालते, त्याला तिथली पोरं हसतात, कारण बाकी सगळे अनवाणी असतात. त्यांना काय सांगू, की मला लहानपणी गमबूट घालून वाढवलंय म्हणून.

ते गमबूट आठवतात ना तुम्हाला? अकोल्याच्या बाजारात माझ्या मापाचे मिळाले नाहीत, तर तुम्ही मोठे घेतलेत आणि पुढच्या टोकाला कापूस कोंबलात. अंजनगावजवळच्या आपल्या वावरात दर रविवारी जायचो आपण, तुम्ही, आई आणि मी. एस.टी.तून उतरलं की धुऱ्याच्या बांधावर पाय ठेवायच्या आत ते बूट चढवायचे. एकदा मी ते निंबाखाली काढून ठेवले आणि कापसाच्या पऱ्हाटीत शिरले, तर तुम्ही एवढ्या मोठ्यानं ओरडलात की पलीकडच्या वावरातले काका काम सोडून उभे राहिले. "साप काय तुले इचारून येईन का? घाल ते बूट आंदी!" एरवी तुम्ही मला 'माय' म्हणायचात. त्या दिवशी दंडाला धरून बसवलंत आणि बूट स्वतः माझ्या पायांत चढवलेत. नागपंचमीला दूध ओतणारं आपल्या घरी कोणी नव्हतं. वारुळापुढं हात जोडणाऱ्या बायकांना तुम्ही हसायचात. पण सापाची भीती मात्र तुमच्यात अख्ख्या गावाची होती.

आणि वारा तुम्हाला कळायचा. हे मी कोणापुढेही सांगेन. फवारणीच्या आधी तुम्ही दुपट्ट्याच्या गाठीतून कापसाची चिमूट काढायचात, बी काढून टाकलेली. ती बोटांत मोकळी करून डोक्यावर धरायची आणि सोडून द्यायची. ती कुठे जाते ते आपण तिघंही बघत राहायचो. "हे पाह्य माय, वारा असा हाय, मंग आपुन असं जाचं. वारा तोंडावर घेऊन फवाराचं नाई." त्या वर्षी पाऊस भरपूर होता आणि पऱ्हाटी तुमच्या खांद्याला लागली होती. कीड हटत नव्हती, म्हणून गावात जो तो दोन-दोन औषधं एकत्र करून मारत होता. तुम्हीही तेच केलंत. तुमचा रुमाल तेवढा गळ्यात राहिला. तोंडावर बांधला की जीव गुदमरतो म्हणायचात. पायांत बूट, बुटांवर पोत्याच्या पट्ट्या आवळून बांधलेल्या. कमरेखाली तुम्ही लढाईला निघालेले आणि कमरेवर साधा सदरा.

त्याच हंगामातला एक रविवार. मी निंबाखाली जेवणाच्या डब्यापाशी बसलेय. आई पलीकडे निंदतेय. तुम्ही वारा पाठीवर घेऊन निम्मं वावर केलंय आणि मधेच थांबता. पाठीवरच्या पंपाचा आवाज बंद. मग तुम्ही मागे मागे सरकत येता, पाठ न फिरवता, आणि धुऱ्यावर येऊन म्हणता, "नाग हाय. फणा काढून उभा हाय पऱ्हाटीच्या तासात." चेहरा पांढरा पडलाय. आई म्हणते, "ऱ्हाऊ द्या आता. पुढच्या इतवारी करू." तुम्ही म्हणता, औषध कालवून झालंय, ठेवून चालत नाही. त्याच बाजूनं पुढे गेलं तर साप मागे राहतो, आणि मागे राहिलेला साप तुम्हाला सोसत नाही. म्हणून तुम्ही धुऱ्याधुऱ्यानं वावराला वळसा घालून पलीकडच्या टोकाला जाता आणि तिथून उलटं फवारत येता, म्हणजे साप डोळ्यांसमोर राहील. साप समोर राहिला खरा. त्याच्याबरोबर वाराही समोर आला, आणि खांद्याएवढ्या पऱ्हाटीतून ते सगळं धुकं तुमच्या तोंडावर, छातीवर येत राहिलं. कापसाची चिमूट तुम्ही दुसऱ्यांदा सोडली नाहीत.

ऊन कलल्यावर तुम्ही निंबाखाली आलात आणि म्हणालात, डोळ्यांपुढे अंधारून येतंय. घाम असा की सदरा पिळावा. तोंडातून लाळ. मग उलटी. काका धावत आले. "काय झालं?" तुम्हीच म्हणालात, "नाग होता तिकडं." झालं. त्या एका शब्दानं सगळ्यांचे डोळे तुमच्या पायांकडे वळले. बूट ओढून काढले, पट्ट्या सोडल्या, पोटऱ्या चाचपून दातांची खूण शोधली. खूण सापडेना तरी गुडघ्याखाली सुतळी आवळली. कोणीतरी त्याच निंबाचा पाला तुमच्या तोंडात कोंबला. "चाव, चाव. कडू लागते का?" सापाचं विष चढलं की निंब कडू लागत नाही असं म्हणतात. तुम्ही म्हणालात, "लागते." एक म्हणाला, मग साप नाही. दुसरा म्हणाला, अजून चढलं नसेल. जीप मिळेपर्यंत पायावरची सुतळी दोनदा बदलली. छातीला चिकटलेल्या, औषधानं ओल्या झालेल्या सदऱ्याला कोणी हात लावला नाही. आईनं तर तुम्हाला थंडी वाजू नये म्हणून त्यावर डोक्याला बांधलेला आपला दुपट्टा गुंडाळला. अमरावतीला दवाखान्यात नर्सनं वास घेतला, आणि कात्री आणून तो सदरा टराटरा कापला. डॉक्टरांनी आईला पहिला प्रश्न विचारला, "प्यायले का?"

त्या वर्षांत तो प्रश्न विचारायचीच रीत होती. आजूबाजूच्या वॉर्डात औषध प्यालेले शेतकरीच होते. आई म्हणाली, "नाई जी. फवारून रायले होते. माया डोयासमोर." त्यांनी मान हलवली, विश्वास ठेवल्यासारखी किंवा न ठेवल्यासारखी, मला तेव्हा कळलं नाही. पुढचा रविवार यायच्या आत तुम्ही गेलात. भेटायला येणाऱ्या बायका आईजवळ सरकून हळूच विचारायच्या, "पगारी मानूस होता वं, त्याले काय कमी होतं?" आई दर वेळी तेच वाक्य म्हणायची, आवाज न चढवता. तिला तुमचा कधी राग आला नाही. माणूस सापाला भ्याला, यात रागवायचं काय, असं तिचं म्हणणं. मला आला. मोठी झाले, चार पुस्तकं वाचली, आणि राग आणखी वाढला. बुटांवर पट्ट्या बांधणाऱ्या माणसाला तोंडावर एक रुमाल बांधता येऊ नये? साप तर चावलाच नाही. वारा तुम्हाला कळत नसता तर मी गप्प बसले असते. पण कळत होता. काहून वळलात, हे मी मनातल्या मनात तुम्हाला इतक्यांदा विचारलंय की शेवटी त्याची सवयच लागली.

तर परवाचं. सध्या मी त्या खालच्या टोकालाच आहे. इथे वाळूची एक लांब जीभ समुद्रात गेलीय. तिच्या एका अंगाला वारा वाळूकडे वाहतो. तिथे पतंग पडला तरी वाराच आपल्याला काठाला आणून टाकतो. दुसऱ्या अंगाला तोच वारा वाळूवरून भर समुद्राकडे जातो. तिकडे जायचं नाही, हा इथला पहिला नियम. शार्कविषयी मी आधीच सगळं वाचून ठेवलं होतं. इथले शार्क लहान, उथळ पाण्यात बारकी मासळी खायला येतात, माणसाची चाहूल लागली की पळतात. खरा धोका वाऱ्याचा आणि दोऱ्यांचा. नव्या मुलांना हे मीच समजावून सांगते, मोठ्या शहाणपणानं. परवा दुपारी मी वाळूच्या टोकाजवळ होते आणि पाणी काचेसारखं होतं. माझ्या फळीखालून तीन काळसर आकार सरकले, पंखांची टोकं काळी, एक तर माझ्या हातापेक्षा लांब. आणि बाबा, माझं सगळं वाचलेलं पाण्यात गेलं. मी पाय वर ओढले, ते मागे राहावेत म्हणून पतंग फिरवला, फळी वाऱ्याच्या दिशेनं वळवली आणि जीव मुठीत धरून निघाले. मागे वळून फक्त पाणी बघत होते. वाळूची जीभ कधी संपली आणि मी दुसऱ्या अंगाला कधी गेले, मला पत्ताच नाही. पतंग पडला तेव्हा कळलं की किनारा लांब जातोय. आगीतून फुफाट्यात म्हणायचं, तर आग मुळात नव्हतीच.

बराच वेळ मी त्या पडलेल्या पतंगाला धरून तरंगत होते. खरं सांगते, तेव्हासुद्धा मी पाय पोटाशी घेऊन खालीच बघत होते. वारा मला श्रीलंकेकडे नेत होता आणि मला भीती वाटत होती ती माशांची. कोळ्यांची एक होडी जाळी घेऊन परतत होती, त्यांनी ओढून वर घेतलं. मी मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, सुरा होते, तीन. सुरा म्हणजे शार्क. होडीतला म्हातारा आधी हसला. ते तर आम्ही बाळंतिणीला रांधून घालतो, म्हणाला. मग हसणं थांबवून त्यानं हातानं वारा दाखवला आणि माझ्यावर ओरडला. सगळे शब्द कळले नाहीत, पण तो मला काय विचारत होता ते कळलं. इकडे कशाला आलीस? मी तुम्हाला विचारत आलेय तोच प्रश्न होता. सगळं ठाऊक होतं, हे काही उत्तर नाही. होडीत मासळीच्या टोपलीला टेकून मी जी रडायला लागले ती थांबेचना. त्या माणसाला वाटलं त्याच्या ओरडण्यानं रडतेय. त्यानं प्यायला पाणी दिलं आणि खांद्यावरचा पंचा माझ्याभोवती टाकला. तो मी लगेच काढून ठेवला. अंगावर ओलं असताना वरून काही गुंडाळलेलं मला चालत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? बडनेऱ्याच्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कोणी राहतं, आणि वावर पलीकडचे काका करतात. आईला वाचून दाखवलं तर पतंग बंद होईल, ते वेगळंच. उद्या वारा चांगला आहे म्हणतात. मी जाणार आहे. काठावर उभी राहून आधी चिमूटभर कोरडी वाळू सोडून बघेन, रोज बघते तशी. कोणी विचारलं तर सांगते, अशीच सवय आहे. पण पाण्यात पुन्हा काही काळं सरकलं तर मी वळणार नाही, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. मी तुमच्यावर रागावले होते, बाबा, इतकी वर्षं, आणि हे आईलासुद्धा माहीत नाही. मीही वळले.