आईच्या मशीनची आस

ता. ४

चि. चिमणीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. घरात सगळे बरे आहेत, मी सोडून.

आई जाण्याआधी शिवणाची मशीन तुला देऊन गेली, हे मामाकडून कळलं. अगं, तुला सुईत दोरा ओवता येत नाही! मी जन्मभर दुकानात मालकाच्या मशीनवर पाय घासतेय, आणि आईची मशीन तुझ्याकडे फुलदाणी ठेवायला? गाढवाला गुळाची चव काय! गोड गोड लिहू नकोस. खरं काय ते लिही.

तुझी सख्खी,
ताई

ता. ११

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू.

आईने मशीन दिली नाही, मी मागून घेतली. आजारपणात उशाशी मी बसायची, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझ्या हातची शिलाई दाखवायची. माझा जळफळाट व्हायचा. म्हटलं, मशीनच नेते. नेली, तरी जळणं थांबेना. विहारात भंते म्हणाले, दुःखाचं मूळ तृष्णा. मला माझ्या वॉर्डातले पेशंट आठवले. ऑपरेशननंतर पाणी मागतात. ओठ ओले केले की आणखीच मागतात. मशीन टेम्पोने पाठवतेय. मला आता तिची आस उरली नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
चिमणी

ता. २०

चि. चिमणीस,
अ. आ. मशीन पोचली. टेम्पोवाल्याने जिन्यात आपटली, त्याला चांगलं फैलावर घेतलं.

तुझे भाऊजी म्हणाले, आता तरी झोपशील. कसली झोप! आधी मी तिला येता-जाता पुसत होते. मग दिसलं, हिचा रंग उडालाय. आणि आता तुझं ते वाक्य टोचतंय, आस उरली नाही म्हणे. का उरली नाही? आईच्या उशाशी तू, विहारात तू, आणि सुटलीस तीही तूच आधी? थोरली मी आहे ना!

शिवाय हिचं चाक हाताने फिरवायचं. एकटीने शिवण सरळ येत नाही. आई कापड धरायची आणि आपण चाकासाठी भांडायचो, आठवतं? रविवारी ये. चाक तू फिरव, कापड मी धरते. आणि आस सुटते कशी, ते सांग. सगळं सांग. स्वतःपुरतं काही मागे ठेवलंस, तर गाठ माझ्याशी आहे.

वाट बघणारी,
ताई