विषय क्रमांक सात

काटेवाडी, रविवार, दिवेलागण

दूध संघाची वार्षिक सभा उरकून आत्ताच इंदापूरहून आलो. डोकं अजून तापलेलंच आहे. अध्यक्षानं गेल्याच महिन्यात पक्ष बदलला. गळ्यातलं उपरणं इतकं कोरं, की पाकिटातली घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आणि काय बोलला गडी! खासगी भांडवल आलं की गावाचं सोनं होईल म्हणे, यालाच आर्थिक सुधारणा म्हणतात. देशानं बाजार खुला केला, तेव्हा 'देश विकायला काढला' म्हणून हाच आम्हाला भर उन्हात रस्त्यावर बसवत होता. मी त्याच्या शेजारी, मांडीला मांडी लावून. तेव्हाच्या उपरण्याचं काय केलं असेल? पायपुसणं?

चुलते तात्या गाडीवर मागं बसले होते. त्यांना वाटभर हेच ऐकवलं. माणसाला लाज कशी नाही, म्हटलं. दारात उतरताना ते म्हणाले, "आरं, संघ कंपनीला चालवाय द्यायचा विषय सातवा हुता. त्याला पयला 'मंजूर' तूच वरडलास की!"

सातवा? मी तर दरवर्षीसारखा प्रत्येक विषयाला ओरडत होतो. वाचून व्हायच्या आतच. लक्ष सगळं त्या उपरण्याच्या घडीवर.

बायकोनं आत्ता विचारलं, "काय झालं सभंत?"

"नेहमीचंच," म्हटलं. खोटं नाही बोललो.