सोबतीला एकच पालक

प्रिय मिनल,

रोज व्हिडिओ कॉलवर एकमेकांची तोंडं बघतो आणि वर हे पत्र कसलं, असं तुला वाटेल. पण कॉलवर आपण दोघं कधी बोलतो सांग? मी फोन धरला की मागून आईचं डोकं येतं, “मिनल जेवली का विचार.” शेजारी गिरिजा असते. ती बोलत काही नाही, ऐकते मात्र सगळं. आणि नेमकं काही सांगायला जावं तर तुझ्याकडचं नेट अडकतं आणि तू अर्धं तोंड उघडून पुतळा होतेस. तुझ्या वॉर्डातली स्वप्नाली रजा संपवून परवा मस्कतला निघालीय. आईने तिच्या बॅगेत तुझ्यासाठी कोकम आणि कुळथाचं पीठ कोंबलंय, त्यातच हा लिफाफा टाकतोय. कागदाला पीठ लागलं तर मला बोल लावू नकोस.

आधी माझा वैताग ऐकून घे. या पियानोच्या स्पर्धेने मला पार पिळून काढलंय. आणि हे सुरू तू केलंस, विसरू नकोस. तुझी भाईंदर वेस्टच्या हॉस्पिटलातली ड्यूटी संपेपर्यंत पोरीला ठेवायचं कुठे, तर वाटेवर मोरव्याला डिमेलो मिस राहतात, त्यांच्याकडे. दूध प्यायचं, गृहपाठ करायचा, एवढंच ठरलं होतं. महिन्याभराने मिस म्हणाल्या, “ही गृहपाठ करत नाही, माझ्या पियानोसमोरून उठतच नाही.” तेव्हा तू केवढी हसली होतीस. मग तू मस्कतला गेलीस आणि पियानो मात्र माझ्या गळ्यात राहिला.

घरात हेडफोन लावून वाजवायचा तो इलेक्ट्रिक पियानो आणला, म्हणजे कुणाला त्रास नको. आता बाहेर ऐकू काय येतं, तर बोटांची टकटक. सूर सगळे तिच्या कानात आणि लाकूड आमच्या. खालच्या हंसाबेन दर रविवारी जिन्यात गाठतात, “गुणवंतभाई, ऊपर सुतार बैठा है क्या?” मी हात जोडतो. आई म्हणते, “वाजवायचंच होतं तर पेटी शिकवायचीस, निदान आरतीला उपयोग झाला असता.” रत्नागिरीहून ताईचा फोन आला की एकच प्रश्न, “दहावीचं वर्ष आहे, त्याचे मार्क मिळतात का?” मिळत नाहीत म्हटलं की ती फोन आईकडे द्यायला सांगते.

आणि आपली कन्या! तिला काही विचारलं की एक शब्द. जेवलीस? हो. अभ्यास? झाला. स्पर्धेचं काय? बघू. ताटासमोर बसून टेबलावर बोटं नाचवते आणि मी बोललो की हात वर करते, म्हणजे थांब, मोजतेय. मी बाप आहे की ट्रॅफिकमधली रिक्षा, कळत नाही मला.

मे महिन्यातल्या त्या रेकॉर्डिंगचं तुला आम्ही नुसतं ‘झालं’ म्हणून सांगितलं. कसं झालं ते ऐक. नियम असा की खऱ्या, तारांच्या पियानोवरच वाजवायचं, चेहरा आणि हात दोन्ही दिसले पाहिजेत, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात. मध्ये कापाकापी केली की बाद. खरा पियानो मिसच्या हॉलमध्ये. खिडकी मोरव्याच्या गल्लीवर. पहिल्या दिवशी म्हावरेवाली मासे घ्या म्हणून ओरडली. दुसऱ्या दिवशी कोंबडा. त्यानंतर चांगलं चाललं होतं तर मला ठसका लागला. मिस म्हणाल्या, “मिस्टर गुणवंत, तुम्ही श्वास बाहेर जाऊन घ्या.” तेव्हापासून माझी जागा ओट्यावर.

करता करता पाठवायची शेवटची तारीख आली आणि त्या दिवशी समोरच्या घरात हळद. सकाळपासून डीजे. मिसच्या कपाटातल्या बश्या थरथरत होत्या. गिरिजा पियानोसमोर मांडीवर हात ठेवून बसलेली. ते बघवेना म्हणून मी समोर गेलो. मांडवात नवऱ्याची आजी खुर्ची टाकून बसली होती, गोदूबाई नाव. मी काय सांगणार? आंतरराष्ट्रीय स्पर्धा, सोनाटा, एका दमात? म्हटलं, मावशी, मुलीची परीक्षा आहे, थोडा वेळ आवाज बंद ठेवाल का.

“पोरीचा पेपर हाय? मंग आदी का न्हाय सांगितलास?” म्हणाली आणि काठी आपटली. “ए, बंद करा रे ते! लगीन काय पलून जात न्हाय.”

डीजे बंद. गल्ली अशी शांत झाली की मलाच कसंतरी वाटलं. गिरिजाने सुरू केलं. हळूहळू हळद लावलेली माणसं मिसच्या खिडकीखाली येऊन बसली. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, आणि मध्ये पिवळाधमक नवरा. हूं नाही की चूं नाही. आणि मिनल, त्या तुकड्यात शेवटाच्या जरा आधी ती एकदम थांबते. तसंच लिहिलंय म्हणे, मोठी शांतता आणि मग शेवट. ती थांबली आणि नवऱ्याने उठून टाळ्या वाजवल्या. तो उठला म्हणून सगळे उठले. शिट्ट्या पडल्या. कुणीतरी “वन्स मोअर” ओरडलं.

मी ओट्यावरच डोकं धरून बसलो. आत गेलो तर मिस भिंतीकडे तोंड करून उभ्या. आणि गिरिजा हसत होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तिला असं हसताना मी तू गेल्यापासून बघितलं नव्हतं. गोदूबाई खिडकीत येऊन म्हणाली, “पेपर बुडाला काय गो? परत लिव. आता कोन हाललं तं मी बगतं.” आणि नातवाचे दोन्ही हात धरून तिथेच बसली. गिरिजाने पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण या वेळी ती कुणाला तरी काही सांगत असल्यासारखी वाजवत होती. संपल्यावर कुणी टाळी वाजवेना. गोदूबाईने सगळ्यांना दम देऊन ठेवला होता ना. शेवटी मिसनीच वाजवली. तेच पाठवलं.

आता पुढचं. निकाल आला नाही असं आम्ही तुला आठवडाभर सांगतोय. ते खोटं आहे. निकाल आला. तुझ्या मुलीची निवड झाली. जगभरातून घेतलेल्या थोड्याच पोरांमध्ये तिचं नाव आहे, पोलंडमधल्या एका गावात शेवटची फेरी. गावाचं नाव मला अजून उच्चारता येत नाही. मी म्हणतो तेव्हा गिरिजा डोळे मिटून घेते. तू ओरडून वॉर्ड गोळा करू नकोस, पुढे वाच. मुलं लहान म्हणून सोबत एक पालक लागतो. एकच. त्याचीच तिथे राहण्याची सोय आहे. आणि आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला एकटं सोडून दोघांनी जायचा प्रश्नच नाही.

मी अर्थातच धरून चाललो की मी जाणार. पासपोर्ट शोधला. ऑफिसात सांगून टाकलं. थंडीचं जाकीट आणलं आणि ऐन घामात घालून आरशासमोर उभा राहिलो. आई म्हणाली, अस्वलासारखा दिसतोस. गिरिजा दारात उभी राहून बघत होती. मी विचारलं, कसं आहे? छान, म्हणाली. तोच एक शब्द. पण तोंड उतरलेलं. मग मात्र माझं टाळकं सटकलं. ओरडलो मी. म्हटलं, कोंबडे झाले, डीजे झाले, हंसाबेन झाल्या, सगळ्या दुनियेसमोर हात जोडले तुझ्यासाठी, आणि आता तुला मी सोबत नकोय की काय? ती आत गेली आणि दार लावलं. मी दाराबाहेर, ते जाकीट घालून, घामाने निथळत. शेवटी आतून म्हणाली, “बाबा, तू नकोयस असं नाही. आईने मला समोर बसून कधी ऐकलंच नाहीये. ती गेली तेव्हा मला नीट येतच नव्हतं. फोनवर डबा वाजवल्यासारखं ऐकू येतं तिला, तरी ती छान म्हणते.” मग म्हणाली, “पण तिला विचारू नकोस. ती घरी येणारे. तू वाट बघतोयस.”

तर मिनल, मी हे एवढ्यासाठी लिहितोय. ती फेरी बरोबर दिवाळीत आहे, तुझ्या रजेच्याच दिवसांत. दोन वर्षांनी मिळालेली रजा, ती वाढवून मिळणार नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणजे तू तिकडे गेलीस तर घरी येणं नाही. तू घरी येऊ नकोस. मस्कतहूनच पोलंडचा व्हिसा काढ, कागद मी पाठवतो. गिरिजाला मी इथून विमानात बसवून देईन, तू तिला तिथे उतरवून घे. दिवाळीत आई आणि मी आहोत इथे, फराळ वाईट होईल, पण होईल. तू येणार म्हणून बेडरूमला रंग काढायला घेतलाय, तो आता सावकाश संपवतो. फक्त एक कर. हे वाचून झाल्यावर फोन करून मला ‘तुला चालेल ना?’ असं विचारू नकोस. नाही चालणार. तू विचारलंस तर मी तसं सांगेन, आणि तू माझं ऐकशील. म्हणून काही न विचारता सरळ रजा घे आणि तिच्याकडे जा.

तुझाच, वैतागलेला,
गुणवंत