ग्रिलची नळी आणायला जातोय

लुआन,

ग्रिलसाठी गॅसची नवी नळी आणायला दुकानात जातोय. सिलिंडर बंद करून मागच्या अंगणात सावलीत उभा ठेवलाय. त्याला हात लावू नकोस.

काल सगळ्यांसमोर तू मला ग्रिल पेटवू दिलं नाहीस, तेव्हा मी चिडून म्हणालो, "चाळीस वर्षं सॉसेज भाजतोय, आता मला शिकवू नकोस." तू वाद घातला नाहीस. आधी नातीला लांब केलंस, मग गॅस जेमतेम सोडून नळीला साबणाचं पाणी लावलंस. हे एवढाले बुडबुडे आले! आणि त्याआधी मी तिथेच लायटर पेटवणार होतो गं.

त्या आजारपणापासून मला कसलाच वास येत नाही. तुला सांगायची लाज वाटली. तुला ते केव्हाच कळलंय, हो ना? तरी पाहुण्यांना म्हणालीस, "वारा उलटा होता, डेलला कसा येणार वास?" एवढ्या धांदलीत तुला माझी अब्रूही सांभाळायचं सुचलं. धन्य आहेस बाई.

संध्याकाळी झाकण उघडून तुला हाक मारीन. तू वास घेऊन 'पेटव' म्हणालीस की मगच पेटवीन.

डेल