बोगद्यासमोरचं घर लेकीला

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घर सांभाळणे, देवाचं नाव घेऊन माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. ते माझ्या यजमानांनाही कधी जमलं नाही.

१. बोगद्यासमोरचं दोन खोल्यांचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते पूर्णपणे लेकीला देत आहे. मागाहून कुजबुज नको, म्हणून कारणही लिहिते.

समोरच्या बोगद्यातून आत, डोंगराच्या पोटात, पाण्याची प्रचंड टाकी बांधत आहेत. दूरच्या प्रयोगशाळेतून न्यूट्रिनो नावाचे कण जमिनीतून सोडायचे आणि इथे पकडायचे, असं ते काम. लेक म्हणते, "आई, तो निघतो एका जातीचा, पोचेपर्यंत दुसऱ्या जातीचा होतो. किती बदलले ते मोजायचं. मग त्यांचे उलटे जोडीदार, म्हणजे प्रतिकण, सोडून तेही तेवढेच बदलतात का ते बघायचं. कण आणि प्रतिकण भेटले की एकमेकांना पुसून टाकतात; फरक निघाला, तर हे जग मुळात उरलं कसं, याचा धागा सापडेल."

"देवाने ठेवलं म्हणून उरलं."

"हो गं, पण कसं ठेवलं ते बघते."

टाकीत उजेड टिपणारे काचेचे डोळे बसवायचं काम गेल्या महिन्यात तिच्याकडे आलं. सगळ्या गटाची प्रमुख! मोजणी पुरी व्हायला पुष्कळ वर्षं लागतील. पगार बेताचा, भाडी भरमसाट. हे घर गेलं, तर तिला काम सोडावं लागेल. ते होणे नाही.

२. बँकेतल्या ठेवी मुलाला. त्याला विचारलं, तर म्हणाला, "ताईला घर देच. मला फक्त एकदा टाकीत डोकावू दे." तिने डोकावू द्यावं. त्याच्या खिशातला फोन आधी काढून घ्यावा.

३. शिलाई मशीन चालवता येईल त्याने न्यावं. शोभेला कोणी ठेवू नये.

४. धाकट्या भावजींना या जागेवर लॉज काढायचा आहे. भर जेवणात लेकीला म्हणाले, "जे दिसतच नाही ते मोजत बसणार जन्मभर?" मी म्हटलं, "भावजी, मी जन्मभर न दिसणाऱ्याचीच पूजा केली. माझं काही अडलं नाही." मग त्यांनी भात वाढून घेतला.

त्यांना काही देत नाही. तरी "वहिनी, पहिला साक्षीदार मीच, घरचा माणूस हवा," हा त्यांचाच हट्ट. साक्षीदाराला यातून काही घेता येत नाही, हे वकीलबाईंनी दोनदा बजावलं. "कळतं हो मला!" म्हणाले. हे लिहितेय तेव्हा ते पेन उघडून समोर बसले आहेत.

५. निकाल येईल तेव्हा मी नसेन. त्याचं दुःख कोणी करू नये. देवाने जग कसं राखलं, हे माझी मुलगी माझ्या घरात राहून मोजणार आहे. मी भरून पावले.

ठिकाण: राहतं घर. दिनांक: चौदा जून, बुधवार.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार दुसरी: शेजारच्या नर्सबाई. सही.

साक्षीदार पहिला: धाकटे दीर. सही केली आहे. मजकूर नंतर वाचला.